वर शिखरजीएवढं

लेहला जायचं आमच्या घरात दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी बारगळतं. यंदा मात्र मी पदर खोचला. मी इचलकरंजीची. एक काम हातात घेतलं की तडीला नेते, आणि मधे कोण आडवं आलं तर त्याची खैर नसते. दीपाच्या अंगात वारं शिरलं, असं माझा नवरा सम्मेद म्हणतो. म्हणू दे. वारं शिरल्याशिवाय या घरातली काडी जागची हलत नाही.

लेहला जायचं ते काही हवा खायला नव्हे. तिथं माझी नणंद राहते, आदिती. आर्किटेक्ट आहे. नुसत्या उन्हावर ऊबदार राहणारी मातीची घरं कशी बांधतात ते शिकायला म्हणून गेली, ती तिथलीच झाली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या स्टॅनझिनशी पाच वर्षांपूर्वी तिनं लग्न केलं. पोरगा बौद्ध, तिथलाच, अबोल. आमच्या गडमुडशिंगीतल्या जैन गल्लीत चार दिवस कुजबुज झाली, मग उसाचा दर जाहीर झाला आणि लोक तिकडं वळले. मी तेव्हा या घरात आले नव्हते. लग्नाला सासरे गेले, सम्मेद गेला. सासूबाई गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या.

सासूबाईंचं नाव सीताबाई, पण सगळं घर त्यांना आक्का म्हणतं आणि सासऱ्यांना अण्णा. पुढच्या वर्षी आदितीनं बोलावलं तेव्हा आक्कांचा भुईमूग काढायचा होता. त्याच्या पुढच्या वर्षी चातुर्मास तोंडावर आला होता. नंतर पुन्हा गुडघे. हेच गुडघे घेऊन त्या रोज सकाळी देवळाच्या पायऱ्या चढतात, हे आम्हाला दिसत होतं आणि आदितीला तिकडे बसून ठाऊक होतं.

आदिती दिवाळीला न चुकता घरी यायची. गेल्या दिवाळीला आली नाही. सम्मेदला फोनवर म्हणाली, "आई माझ्या घरी आली, की मग मी तिच्या घरी येईन." फोन स्पीकरवर होता. 'तिच्या घरी' हे शब्द आक्कांनी ऐकले. त्या लाडवांचं ताट झाकून आत घेऊन गेल्या. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं हवापाण्यावर आलं. तिकडं थंडी हाय काय, इकडं उकाडा हाय. एवढं झालं की फोन अण्णांकडे. मला हे बघवेना. माझी आई जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि इथं दोघी धडधाकट असून हवामानाच्या बातम्या देत बसल्या होत्या.

म्हणून मी तयारीला लागले. लेह म्हणजे वाळवंट, पण डोंगराच्या डोक्यावरचं. पाऊस नावाला, झाड औषधाला, आणि हवा अशी विरळ की खालून गेलेल्या माणसाला चार पावलं टाकली तरी धाप लागते. अण्णांच्या डॉक्टरांनी सांगितलं, विमानानं एकदम वर जाऊ नका, गाडीनं टप्प्याटप्प्यानं चढा, पोचल्यावर पडून राहा. हे ऐकून अण्णा तडक महाद्वार रोडला गेले आणि चार माकडटोप्या घेऊन आले. मे महिन्याच्या उकाड्यात पंख्याखाली बसून त्यातली एक घालूनही बघितली. सम्मेद कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे, क्वालिटीला. त्याला प्रत्येक गोष्ट मोजून बघायची सवय. तो जेवताना कुठल्या गावात हवेत प्राणवायू किती, ते वाचून दाखवायचा. घास घशात अडकायचा आमचा.

या सगळ्यात सगळ्यांत जास्त प्रश्न कुणी विचारले असतील तर ते आक्कांनी. तिथं पाऊसच नाही तर पेरतात काय? पाणी कुठून येतं? घराला अंगण असतं का? मी आदितीच्या घराचा फोटो दाखवला तर मोठा करायला लावला. जाड मातीच्या भिंती, आडवी लांब खिडकी, खिडकीत तेलाचा कापलेला डबा. "मेथी लावलीया बघ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडनंच बी नेलतं." मग फोन हातात धरून त्या बराच वेळ ती मेथी बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, यंदा या येणार. शंकाच नको.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. अण्णांचं आधार कार्ड झालं, सम्मेदचं झालं, माझं झालं. आक्का खाली बसून तांदूळ निवडत होत्या. मी त्यांचं कार्ड मागितलं. त्यांनी ताटातून एक खडा काढला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "माझं तिकीट नको काढू. तुमी जावा."

कारण विचारलं. गुडघे.

राग आला की माझी जीभ माझ्या चार पावलं पुढं चालते. मी म्हणाले, "आक्का, जावई पटत नाही असं एकदाच सरळ सांगून टाका. म्हणजे आम्ही टोप्या परत करतो आणि ती पोरगी पण वाट बघायची थांबेल."

सम्मेदनं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. अण्णांनी पेपर खाली ठेवला. या घरात सासूला असं कुणी बोललेलं नाही, आणि मलाही ते शब्द तोंडातून गेल्यावर कळले. पण आक्का चिडल्या नाहीत. ताट मांडीवरून उतरवून बाजूला ठेवलं.

"जावई चांगला हाय," त्या म्हणाल्या. "माझं दिग्व्रत हाय."

दिग्व्रत म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पाठशाळेत बारा व्रतं तोंडपाठ केलेली आहेत आम्ही. दहा दिशांना आपण कुठवर जायचं ते एकदा ठरवायचं आणि मरेपर्यंत त्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. जेवढं हिंडणं कमी, तेवढी हाव कमी, तेवढे आपल्या पायाखाली मरणारे जीव कमी. एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. पण पाठ केलेलं व्रत कुणीतरी खरोखर घेतलेलं असतं, आणि ते माणूस आपल्याच स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलेलं असतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. दहा दिशांमधे आठ आडव्या असतात. उरलेल्या दोन म्हणजे खाली आणि वर.

मग आक्कांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर त्या आणि अण्णा सम्मेद शिखरजीच्या यात्रेला गेले होते. माझ्या नवऱ्याचं नाव त्याच यात्रेवरून आलंय. पहाटे निघून, अनवाणी, आक्का सगळ्यांत वरच्या पार्श्वनाथांच्या टोंकेपर्यंत, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या देवळापर्यंत, चढल्या आणि उतरल्या. खाली आल्यावर अण्णा धर्मशाळेत पाय चेपून घेत पडले होते. आक्का तेवढ्यात तिथल्या मुनी महाराजांच्या दर्शनाला गेल्या आणि व्रत घेऊन आल्या. पूर्वेला शिखरजी. पश्चिमेला दर्या. दक्षिणेला कन्याकुमारी. उत्तरेला अख्खा हिमालय, कारण आदिनाथ भगवान तिकडच्या कैलासावरून मोक्षाला गेले, मग त्याच्या अलीकडं थांबणं त्यांना बरं दिसेना. खाली आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळाएवढं.

"मग महाराज म्हनले, आणि वर? मी आत्ताच डोंगर उतरून आल्यालो, पोटऱ्या भरून आल्यात्या. म्हनलं, ह्याच्या वर आणि कशाला चढतोय मी जन्मात? वर शिखरजीएवढं."

"आणि महाराज काय म्हणाले?" सम्मेदनं विचारलं.

"हसले. शिखरजी चार हजार चारशे ऐंशी फूट हाय म्हनले, ध्यानात ठेव. ठेवलं."

म्हणजे उत्तरेला हिमालय देऊन बसल्या आणि वर शिखरजी. हिमालयही डोंगरच आहे, त्याला उंची असते, हे त्या पोटऱ्या दुखणाऱ्या बाईच्या ध्यानात कसं यावं? लेह उत्तरेच्या हद्दीत आरामात बसतं. वरच्या हद्दीच्या मात्र ते अडीच पट उंच आहे.

अण्णा नुसते बघत होते. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या डोक्यावर छत किती उंचीवर आहे हे त्यांना आज कळलं. मग एकेक आठवायला लागलं. महाबळेश्वरला सगळे सूर्योदय बघायला सगळ्यांत उंच पॉइंटवर गेले, तेव्हा आक्का उंचीची पाटी वाचून खाली गाडीत बसून राहिल्या होत्या. गार वारं लागतंय म्हणाल्या होत्या. उटीची सहल ठरली तेव्हा त्यांना अचानक ताप आला होता. आणि विमान. आमच्या गावच्या जमिनी विमानतळात गेल्या, विमानं आमच्या गच्चीवरून उतरतात, अख्खी गल्ली एकदा तरी तिरुपतीला उडून आली. आक्का बसल्या नाहीत. आम्ही त्यांना भित्री भागूबाई म्हणून चिडवायचो. त्या हसायच्या आणि चिडवून घ्यायच्या.

अण्णांनी लगेच तोड काढली. कन्याकुमारीला तरी कोण जातंय आता, दक्षिण थोडी कमी कर आणि तेवढं वर वाढव. आक्का म्हणाल्या, एकीकडचं काढून दुसरीकडं घालणं हाच तर दोष आहे, तसं शास्त्रात नाव घेऊन सांगितलंय. सम्मेद म्हणाला, मग मर्यादा नक्की किती होती ते विसरलीस असं समज. विसरणं हाही दोषच निघाला, त्यालाही वेगळं नाव होतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी शांतपणे बसून आमच्या घरातल्या पळवाटा एकेक करून बुजवून ठेवल्या होत्या. मी म्हणाले, महाराजांना विचारू. ज्यांनी व्रत दिलं त्यांची समाधी होऊन बरीच वर्षं झाली होती. आणि असते तरी मी विचारलं नसतं, असं आक्का म्हणाल्या. व्रत घेतलं मी, मोडायची परवानगी दुसऱ्याकडं कशी मागायची?

मला रडू यायला लागलं आणि रागही जाईना. मी विचारलं, मग हे पाच वर्षांपूर्वीच आदितीला का नाही सांगितलं?

आक्कांनी पदरानं हात पुसले. "लगीन ठरीवलं तिनं, त्या वक्ताला सांगितलं असतं तर तिला काय वाटलं असतं? आई धरम मधी घालतीया. बौद्धाशी लगीन करतीया म्हणून हिला आत्ताच व्रत आठवलं. म्हणून गुडघं दुखीवलं मी."

"आणि तिनं त्याचा अर्थ त्याहून वाईट लावला," सम्मेद म्हणाला.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "ते मला दिवाळीला कळलं."

मग त्या आपणहून बोलल्या, खाली बघत. "दर साली वाटतंय मोडावं. एक व्रत मोडलं म्हणून काय आभाळ कोसळतंय? प्रायश्चित्त घेता येतंय. पर तिच्या दारात मी व्रत मोडून हुबारलो, तर जन्मभर ते घर डोळ्यापुढं आलं की माझं मोडलेलं व्रतच दिसायचं. लेकीच्या घराचं तसं नको करायला."

मी लॅपटॉप मिटायला घेतला.

"मिटू नको," आक्का म्हणाल्या. "लेहच्या वाटंवर शिखरजीच्या आत बसतंय असं शेवटचं गाव कुठलं, ते बघ."

सम्मेदनं लॅपटॉप माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. आता ही त्याची गोष्ट झाली होती, मोजायची. लेहहून रस्ता खाली उतरत येतो तो मनालीला. मनाली बसत नव्हतं, बरंच वर होतं. त्याच्या खाली, त्याच नदीच्या काठी, कुल्लू. चार हजार दोनशेच्या आसपास. तेवढ्यावर तो थांबला नाही. दिल्लीपासून कुल्लूपर्यंतचा रस्ता त्यानं बोटानं इंच इंच तपासला, मधे एखादा घाट डोकं वर काढतो की काय म्हणून. नाही काढत. इथून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं बस. विमान कुठंच नाही. तो असा खूश झाला की जणू कुल्लू त्यानंच तेवढ्या उंचीवर नेऊन ठेवलं होतं. अण्णांनी विचारलं, कुल्लूत टोप्या लागतील का? लागतील म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटलं.

आदितीला फोन मी लावला, स्पीकरवर. दिग्व्रत, शिखरजी, महाराज, हिमालय, विहीर, आणि आता कुल्लूत भेटायचं, सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, "वहिनी, गुडघ्यांपेक्षा हे निमित्त मोठं आहे, एवढंच."

सम्मेदनं तिला महाबळेश्वरची आठवण दिली. गाडीत बसून राहिलेली आई तिलाही आठवत होती, तेव्हा ती शाळेत होती. मग तिचा आवाज बदलला. "खरं असंल दादा. खरंच असंल. पण कुल्लूतलं हॉटेल म्हणजे माझं घर न्हवं की. मला ती फिरायला यायला नको हाय. तिनं एकदा माझ्या घरात बसून जेवावं, एवढंच पायजे होतं मला. आणि ते आता कधीच व्हायचं न्हाय, असंच ना?"

खरं होतं ते. आम्ही गाव शोधलं होतं, पण तिचं दुखणं गावाचं नव्हतंच. सम्मेदनं माझ्याकडं बघितलं, मी अण्णांकडं. आक्कांनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात प्रवासाची तयारी म्हणजे आधी आक्कांचा डबा. त्या बाहेरचं खात नाहीत. हॉटेलातलं तर नाहीच, पण नात्यातल्या लग्नातही त्यांचं ताट वेगळं. शिखरजीला दोन दिवसांच्या रेल्वेत घरच्या दशम्या पुरवून खाल्लेली बाई. माझ्या हातचं खायला त्यांना सहा महिने लागले, आणि मी सून होते, जैनाची होते, आणि पाणी गाळून घेत होते.

"आदे," आक्का म्हणाल्या, "मी डबा आणणार न्हाय."

आक्कांनी फोन तोंडाजवळ नेला.

"ऐकतीस न्हवं? तुझ्या घरापतोर माझा पाय पोचत न्हाय. तू तुझं घर खाली आण. खोली घ्या कुल्लूत, चूल मांडा. नवं पातेलं घ्या तेवढं. चार दिस तुझ्या घरात तू वाढशील ते मी जेवणार. तू कामात असलीस तर तुझ्या नवऱ्यानं रांधलेलं जेवणार."

"आई," आदिती म्हणाली, "तुझं ते... तू तर कुणाच्या हातचं..."

"ते व्रत न्हवं. ती खोड हाय माझी. व्रत मोडायचं नसतंय, खोड मोडता येती."

आक्कांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. अण्णा उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. तिकडं आदिती रडत होती हे स्पीकर नसतानाही ऐकू येत होतं. इकडं माझीही काही वेगळी अवस्था नव्हती. फक्त आक्का सरळ बसल्या होत्या, फोन कानाला घट्ट दाबून. लेकीचं रडणं थांबायला वेळ लागला.

मग आदितीनं काहीतरी विचारलं. आम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून मी हळूच स्पीकर पुन्हा सुरू केला.

"...त्याला कांद्याशिवाय कायच येत न्हाय गं आई," ती नाक ओढत सांगत होती. "भाजीत कांदा, डाळीत लसूण. काय खाशील तू त्याच्या हातचं?"

"भात येतो न्हवं?"

"भात येतो."

"मग झालं तर," आक्का म्हणाल्या. "आणि मीठ असंलच की घरात."